मोकळ्या उतारावरचा लाल डाग

"या म्हाताऱ्याला कुणीतरी भंगारात द्या रे! एक पाऊस चालवायला सांगितला की धापा टाकतो," ताई पुटपुटल्या.

म्हातारा म्हणजे मीच. मित्रांनो, मी पाण्याच्या कचेरीतला एक जुना संगणक आहे. नवा होतो तेव्हा माझ्या खोलीत चहा आणायलाही बंदी होती. आता कप माझ्याच डोक्यावर ठेवतात. असो.

एका ओढ्याला जिथून जिथून पाणी येऊन मिळते, त्या सगळ्या जमिनीला पाणलोट म्हणतात. तो अख्खा पाणलोट माझ्या पोटात आहे: शेते, गटारे, उतार, माती. ताई मला पावसाचे आकडे भरवतात आणि मी सांगतो, किती पाणी वाहील, वाटेत कुठली घाण उचलेल. त्यांचा धाकटा भाऊ ओढ्याचे पाणी बाटल्यांत भरून आणून तपासतो. टक्कल पडले तरी घरचे नाव बाळ्याच. बाटलीतले पाणी आणि माझे उत्तर जुळेपर्यंत दोघे माझे आकडे पिळत बसतात, कान पिळावेत तसे.

एक उतार मात्र काही केल्या ऐकत नाही. तिथे या दोघांच्या वडिलांचा रंगाचा कारखाना होता. कारखाना गेला, वडीलही गेले. आता तिथे धड गवतही उगवत नाही. पण दर पावसाला माझ्या पडद्यावर तिथेच घाणीचा लाल डाग उमटतो, न बोलावता आलेल्या माणसासारखा. मग बाळ्या त्या उताराची घाण शून्य करतो आणि तेवढी वरच्या शेतकऱ्यांच्या खतावर ढकलतो. उत्तर जुळते. बिचाऱ्यांनी खत निम्म्यावर आणले, तरी बाटल्यांतली घाण होती तेवढीच.

आणि आज वस्तीच्या नव्या विहिरीची जागा पक्की करायची होती. त्याच उताराच्या पायथ्याशी.

डाग उमटला.

"शून्य कर," ताई म्हणाल्या.

"आता कुणावर ढकलू? पाखरांवर?"

"मशीन जुनाट आहे, बाळ्या. बिघडलंय ते."

"बरं, मशीन बिघडलं. बाटलीतल्या पाण्याला काय झालं? तेही म्हातारं झालं?"

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ पुसा, एवढेच मी एरवी मागितले असते. पण आम्ही तुम्ही भरवाल तेच बोलतो. पाणी तसे नाही. ते जमिनीत जे असेल ते घेऊन खाली येते, आणि खाली कुणाची तरी लेकरे ओंजळ धरून उभी असतात. म्हणून आम्हाला खरे भरवा.

बाळ्याचे बोट तरीही शून्याच्या कळीकडे गेलेच. सवयच ती. ताईंनी त्याचे मनगट धरले.

"राहू दे तो डाग," त्या म्हणाल्या. "विषाची पिंपं बाबांनी पुरलीत तिथं. आपण दोघांनीही बघितलंय."