खांद्याचा दाखला

माझी धाकटी जाऊ दूध केंद्रावर कॅन उचलते. चाळीस लिटरचा एकेक कॅन. पुरुष दोघं मिळून उचलतात, ही एकटी. त्यावरून गावानं तिचं नाव ‘क्रेन’ पाडलंय. तिला त्याचा राग येत नाही, मला येतो. त्या सोमवारी सकाळी सांडलेल्या दुधावरून तिचा पाय घसरला. टेम्पोत चढणारा कॅन उलटा खाली आला आणि जाताना हिचा उजवा खांदा जागेवरून हलवून गेला. मी तिथंच रांगेत किटली धरून उभी होते, म्हणून खरं काय ते मी सांगते. गावात याच्या सतरा तऱ्हा फिरतायत.

तिला धरून आरोग्य केंद्रात नेली. आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची खुर्ची आहे, डॉक्टरचा पंखा आहे, दारावर डॉक्टरची पाटीही आहे. डॉक्टर तेवढा दोन वर्षं झाली नाही. सगळं सिस्टरबाई बघतात, सव्वीस वर्षं बघतायत. बाईंनी जावेला बाकावर पालथी निजवली, दुखरा हात खाली लोंबता सोडला आणि हळूच विचारलं, “सासू अजून बोलते का गं?” जाऊ सांगायला लागली. सांगता सांगता अंग सैल पडलं, बाईंनी हात ओढला, कट्ट आवाज झाला आणि खांदा जागेवर बसला. आमची सासू एकच, त्यामुळे मलाही बरंच सांगायचं होतं, पण तोवर काम उरकलं होतं.

“तीन आठवडे हात गळ्यात,” बाई म्हणाल्या. “कॅनकडे बघायचंसुद्धा नाही. परत निखळला तर जन्माची खोड लागेल.”

मंगळवारी आम्ही दोघी दूध केंद्राच्या कारकुनाकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण वरून एकदा बोलणी खाल्ल्यापासून नियमाची फाईल उशाशी घेऊन झोपतो म्हणतात. त्यानं बाईंची चिठ्ठी वाचली, उलटी केली, मागंही काही नाही बघून परत दिली.

“ही चालत नाही. दाखला पात्र आरोग्यसेवकाचा लागतो. तोही तीन दिवसांच्या आत, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर माणूस काम सोडून गेलं असं धरायचं. दारात चौघीजणी उभ्या आहेत तुमच्या जागेसाठी.”

जावेच्या घरात पगार येतो तो तिचाच. माझा दीर गोड माणूस आहे, एवढंच त्याच्याविषयी सांगण्यासारखं आहे.

“आणि पात्र म्हणजे कोण?” मी विचारलं.

त्यानं फाईल उघडली आणि बोट फिरवत वाचलं. “नोंदणी झालेला डॉक्टर. दातांचा डॉक्टर. डोळ्यांचा डॉक्टर. परिचारिका, कंसात, डॉक्टरच्या देखरेखीखाली असल्यास.”

“मग आहे की देखरेख. खुर्ची आहे तिथं, ती बघत असते.”

“वहिनी, चेष्टा नको. कायदा आहे.”

“तुमची दोन्ही पोरं कुणाच्या हातावर झाली?”

“सिस्टरबाईंच्या.”

“मग ती धरायची का? की देखरेख नव्हती म्हणून रद्द?”

तो लाजला, पण फाईल काही बंद झाली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या दारातून उठलो आणि तडक गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. ती अक्कल माझी. गावात मोठ्ठा शिक्का असलेला माणूस तोच, आणि माझ्या डोक्यात डॉक्टर म्हणजे डॉक्टर.

भला माणूस. सिस्टरबाईंचं काम बघून मान डोलावली आणि लगेच लिहायला बसला. पण त्याच्याकडे छापील कागद एकाच तऱ्हेचा. जनावराचा प्रकार, रंग, शिंगांचा आकार, मालकाचं नाव. प्रकारात त्यानं ‘स्त्री’ लिहिलं. शिंगांपुढे रेघ मारली. मालक म्हणून दिराचं नाव घातलं, तेव्हा जाऊ त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. दुखापतीत मात्र सवयीनं ‘उजवा पुढचा पाय’ लिहून गेला, मग ‘पाय’ खोडून ‘हात’ केलं. बाकी दाखला झकास होता.

कारकुनानं तो दोनदा वाचला. “गुरांचे डॉक्टर यात बसत नाहीत.”

“त्यांच्या सहीवर म्हशीचं दूध घेता.”

“म्हशीचं घेतो.”

“म्हशीचा पाय मुरगळला तर तिला आराम मिळतो, आणि तिचं दूध उचलणारीला नाही?”

“म्हशीला वेगळा कायदा आहे,” तो म्हणाला, आणि खरंच होता. त्यानं तोही दाखवला.

बुधवार उजाडला. उन्हानं रान भेगाळलेलं, रस्त्याची धूळ पायाला चटके देत होती. दर बुधवारी शाळेच्या आवारात दातांची गाडी येते. आत एक खुर्ची, एक दिवा आणि एक तरुण डॉक्टर, इतका किडकिडीत की दाढेबरोबर तोच बाहेर यायचा. मी सगळी कर्मकथा सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली.

“कायद्यात माझं नाव आहे खरं,” तो म्हणाला, “पण तोंडाच्या आतलं तेवढंच. खांद्याचं लिहिलं तर माझी नोंदणी जाईल. सिस्टरना जेवढं कळतं तेवढं मला खांद्यातलं कळतही नाही.”

“म्हणजे ज्याला कळतं त्यानं लिहायचं नाही, आणि ज्यानं लिहायचं त्याला कळत नाही,” मी म्हटलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला ऐकलं होतं. इथं तर वैद्यच पखालीचा होता.

मी आणखी तोंड सोडणार, तेवढ्यात जाऊ उठली, एका हातानं खुर्चीला धरून वर चढली आणि आ करून बसली.

“बघा काही मिळतंय का,” ती म्हणाली.

त्यानं दिवा ओढला. “मागची एक दाढ किडलीय. पण काळजी नको, भरून देतो. अजून वीस वर्षं चावेल.”

“काढली तर काय लिहाल?”

“दाढ काढली तर आठवडाभर जड उचलायचं नाही, असं लिहितो मी. रक्त येतं नाहीतर.”

“मग काढा.”

“अहो ताई, वाचणारी दाढ आहे ही.”

“दाढ वाचली तर काम जातं,” जाऊ म्हणाली. “काढा.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी, जिला गावात कुणी बोलण्यात हरवलेलं नाही, पुढं होऊन माझं मनगट जावेच्या हातात दिलं. त्यानं हातातला आरसा खाली ठेवला. मग त्यानं सुई भरली.

दाढ निघायला पंधरा मिनिटं लागली. जावेनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ दोन दिवस होते. दाखला मात्र असा सुरेख, की कारकुनाचा चेहरा उजळला. तारीख, सही, नोंदणी क्रमांक. त्यानं धाडकन शिक्का मारला.

“आता कसं कायद्यात बसलं,” तो म्हणाला. मग तिच्या गळ्यातल्या हाताकडे बघून, अगदी मनापासून, “फार दुखत होती का हो दाढ?”

जावेच्या गालात कापूस होता. तिनं नुसती मान हलवली. मला त्याला फाईलसकट विहिरीत ढकलावंसं वाटलं.

पुढचा मंगळवार आला. सकाळी सिस्टरबाईंनी खांदा तपासला. सूज उतरली होती, पण म्हणाल्या, अजून दोन आठवडे पक्के, त्यात तडजोड नाही. दाखला त्याच दिवशी संपत होता.

दुपारी मी तिच्याकडे गेले. जाऊ उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसली होती. डाव्या हाताचं बोट तोंडात घालून एकेक दाढ दाबून बघत होती.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “ही बघा ना जरा. हलते का?”

मी खाली बसले. बोट घालून बघितलं. दाढ दगडात रोवल्यासारखी घट्ट होती.

“थोडी हलते,” मी म्हटलं.