टुमकू

वाटीवरचं झाकण जरा मोठं होतं, कडेवर डुगडुगत होतं, आणि तिने ते बोटाने दाबून धरलं — आत सफरचंदाची एक फोड. टुमकू. कोणासाठी, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं. उशिरा येणारंही कोणी उरलं नव्हतं. शब्द धाकट्या भावाचा. बाबा कामावरून उशिरा यायचे, त्यांचा वाटा झाकून ठेवलेला असायचा, आणि चार वर्षांच्या धाकट्याने एके दिवशी त्या झाकलेल्या वाट्याला टुमकू म्हणून टाकलं... मग सगळेच तसं म्हणायला लागले. आता बाबा नाहीत, आई नाही, धाकटा जाऊन सहा वर्षं झाली, आणि शब्द तिच्या एकटीच्या गळ्यात पडला आहे.

एकटीच्या — तसंही नाही. कुरिअर कंपनीच्या ऑफिसात तो रोज ऐकू यायचा. दाराला कुलूप म्हणून परत आलेली पार्सलं राखून ठेवणारा प्रोग्राम तिने लिहिला होता, धाकटा गेला त्याच महिन्यात, आणि नाव द्यायची वेळ आली तेव्हा बोटांनी तेच टाइप केलं. तेव्हापासून टुमकू अडकलंय, टुमकू परत सुरू करा, असं तिच्या पाठीमागे दिवसभर चालायचं, आणि ती मान वर न करता ऐकत राहायची. घरात माणसं असल्यासारखं वाटायचं.

आज सकाळी ती ऑफिसात पोचताच साहेबांनी फर्मान काढलं: पुढे कधी येणाऱ्या परक्या माणसालाही कळतील अशीच प्रोग्रामची नावं हवीत. रास्तच होतं, तरी तिला राग आला. 'अंतिम', 'अंतिम_नवं', 'खरंच_अंतिम' अशी फाइलींना नावं ठेवणाऱ्यांची तिनेच कितीदा हजेरी घेतली होती. टुमकूच्या जागी 'राखीव_पार्सल' — कोणालाही कळेल... आणि उद्यापासून तो शब्द कोणाच्याच तोंडी नसेल.

दुपारी शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला खुर्ची सरकवत आला. "एक विचारू का? टुमकू म्हणजे काय हो?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. धाकट्याचे दुधाचे दात, झाकण उचलताना बाबांचं हसणं — सगळं सांगून टाकावंसं वाटलं.

"काही नाही," ती म्हणाली. "सुचलं ते ठेवलं."

"असं होय," म्हणत तो आपल्या जागी गेला.

साहेबांवर सकाळपासून धरलेला राग तिने चाचपून पाहिला. राग जागेवर नव्हता. त्यांनी नुसतं नाव बदलायला सांगितलं होतं. अर्थ तर मीच कोणाला दिला नाही — सहा वर्षं फुकट ऐकत बसले, आणि विचारायला आलेल्यालाही रिकाम्या हाताने परत पाठवलं. चष्मेवाला पाठमोरा बसला होता. त्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि सुरुवात कुठून करायची हेच तिला सुचेना. धाकट्याविषयी ती आजवर कोणाशी बोललीच नव्हती.