बरगडीतून नाकात, नाकातून बरणीत

मी एक जुना, मऊ हाडाचा तुकडा आहे. मित्रांनो, आज मी डॉक्टर अनारकुलबाईंच्या फडताळात, औषधी पाण्याच्या बरणीत पडून आहे. जन्म मात्र नारिनच्या डोंगराळ मुलखातल्या शेरगाझीच्या उजव्या बरगडीच्या टोकाला झाला. तिथे मी बावीस वर्षं मुकाट काम केलं. शाबासकी कुणी दिली नाही, मी मागितलीही नाही.

शेरगाझी कोक-बोरू खेळायचा. घोडा दामटत, चाबूक दातांत धरून तो जमिनीपर्यंत वाकायचा, मुंडकं छाटलेला बोकड उचलायचा आणि समोरच्या संघाच्या गोलाच्या खड्ड्यात टाकायचा. एकदा वाकलेला असताना दुसऱ्या घोड्याची टाप तोंडावर बसली. गालाची हाडं फुटली, नाकाचा चुरा झाला. श्वास तोंडानेच घ्यावा लागे, म्हणून घास गिळताना तो गुदमरायचा. पोरं मागून ‘नकटा, नकटा’ ओरडायची, आणि मोठी माणसं हसायची.

बाईंनी गालाची हाडं धातूच्या पट्ट्यांनी सांधली. मला कापून काढलं, तासलं आणि नाकाचा कणा म्हणून बसवलं. महिन्याभराने त्याला गरम नानचा वास आला, तेव्हा तो रडला. माझ्या आयुष्यात मान मिळाला तो तेवढाच.

“वर्षभर घोड्यावर बसायचं नाही,” बाईंनी बजावलं होतं.

चौथ्या महिन्यात नौरोजच्या सणाचा सामना आला. बाप तोक्तोसुन दारात उभा राहिला. “नाक जपत बसलायस होय रे? मग बांगड्याच भर की. पलीकडचं गाव हसतंय मला.”

“बाबा, पण बाईंनी...”

“बाईंनी उचललाय का कधी बोकड? नुसता बस घोड्यावर. वाकू नकोस.”

बोकड समोर पडलाय आणि स्वार वाकला नाही, असं कधी झालंय का? तो वाकला. कुणाचं तरी कोपर बसलं आणि माझे दोन तुकडे झाले. बोकड मात्र त्याने सोडला नाही. गाव जिंकलं. बाप मटणाच्या परातीपाशी मिरवत होता, आणि पोरगा आत रक्त थुंकत होता.

पुढे माझ्यात पू झाला. बाईंनी मला उपटून काढलं. बाप समोरच होता.

“डाव्या अंगालाही बरगड्या आहेत की त्याला,” तो म्हणाला. “घ्या त्यातली. जरा लवकर उरका, शरदात मोठा सामना आहे.”

बाईंनी शेरगाझीला विचारलं, “तुझं काय म्हणणं?”

त्याने बापाकडे पाहिलं आणि गुमान सदरा वर केला.

डाव्या अंगाचं माझं भावंड हे सगळं ऐकत होतं. मित्रांनो, मला जपायला आता उशीर झाला. त्याला तरी जपा.