बाहुलीचा फोन

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. लगेच नाक मुरडू नका. करोनाच्या वेळी तुम्ही कानाला अडकवत होता ना, तो मी नव्हे. तो कापडाचा, माझा लांबचा भाऊबंद. मी काळ्या रबराचा, पोकळ. एका बाजूला हवा भरलेली मऊ कड, दुसऱ्या बाजूला नळी जोडायचं भोक. ऑपरेशनच्या आधी मला लहान मुलांच्या नाकातोंडावर ठेवायचे आणि माझ्यातून भुलीचं औषध हुंगवायचे. मूल गाढ झोपी जाई आणि पुढचं त्याला काही कळत नसे. माझं रूप काही देखणं नाही, पण काम मोठं होतं, आणि ते मी बरीच वर्षं इमानानं केलं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात, साच्यात झाला. माझ्यासारखे कितीतरी भाऊ खोक्यात भरले गेले. कोण कुठं गेला, कुणास ठाऊक. मी आलो परभणीच्या एका दवाखान्यात. पहिल्याच उन्हाळ्यात इथलं ऊन बघून वाटलं, आपण आता वितळून पुन्हा साच्यात जाणार. पण टिकलो. परभणीचा उन्हाळा सोसला की माणूस काय, रबरसुद्धा कणखर होतं.

गंगाखेडची, सोनपेठची, जिंतूरकडची लेकरं आमच्याकडे येत. मला बघितलं की एकजात सगळी भोकाड पसरत. त्यांचा तरी काय दोष? घरी रोज ऐकायचं, "जेव, न्हाईतर डॉक्टरला सुई टोचायला लावीन." आणि मग एक दिवस त्याच डॉक्टरपुढे उभं करून सांगायचं, "भिऊ नको बरं." भिणार नाही तर काय करील? आई दाराबाहेर राही, आत दोघं जण हातपाय धरत, आणि मी तोंडावर दाबला जाई. झोप यायच्या आधीचं ते रडणं सगळं माझ्या पोटात घुमायचं. मी त्या मुलांच्या भल्यासाठीच होतो, पण त्यांच्या लेखी मीच बागुलबुवा होतो. याचं मला फार वाईट वाटायचं.

मग आमच्याकडे अर्पिता मॅडम आल्या. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांची रीत वेगळी. ऑपरेशनच्या आधी त्या मुलाजवळ सरळ फरशीवर मांडी घालून बसत आणि मला त्याच्या हातात देत. "हुंगून बघ. चावतोय का?" मूल मला उलटंसुलटं करी, डोक्यावर टोपीसारखं घाली, आतून बोट बाहेर काढी. भीती आली त्या वाटेनं निम्मी निघून जाई. मोठ्या डॉक्टरांना आधी वाटलं, हा काय पोरखेळ? पण रडणं कमी झालं तसे तेही काही बोलेनासे झाले. ती माझी सुखाची वर्षं.

पण दिवस सारखे राहत नाहीत. एकदा वापरून फेकायचे, आरपार दिसणारे प्लास्टिकचे मास्क आले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. कड एका जागी चिरली. आवराआवरीच्या एका दिवशी मी कचऱ्याच्या टोपलीतही जाऊन आलो. अर्पिता मॅडमनी मला तिथून उचललं, स्वच्छ धुतलं आणि ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत एका परडीत ठेवलं, चिंध्यांच्या बाहुलीशेजारी. तेव्हापासून इथं येणारं मूल आधी स्वतः डॉक्टर होतं आणि बाहुलीला भूल देतं. काही व्रात्य पोरं माझा फोन करतात. रुंद बाजूला तोंड लावून बोलायचं, भोकाला दुसऱ्यानं कान लावायचा. बागुलबुवा होतो, खेळणं झालो. म्हातारपणी याहून चांगलं काय मिळावं?

आता रुद्राणीची गोष्ट सांगतो.

बोरी गावची ही पहिलीतली मुलगी. उजव्या हाताचा अंगठा वाकलेलाच राहायचा, आतली शीर अडकली होती. पेन्सिल मुठीत धरून लिहायची, आणि वर्गातली पोरं तिला चिडवायची. ऑपरेशन छोटंसं, पण लहान लेकरू हात हलू न देता कसं बसणार? म्हणून पूर्ण भूल द्यायची होती. याआधी दोनदा तिला आणलं होतं. एकदा ताप भरला, एकदा खोकला निघाला, आणि दोन्ही वेळा परत पाठवलं होतं. आता तिसरी खेप. बरोबर आई राजेश्री होती आणि आजी नागुबाई. आजीच्या कपाळाला भस्माचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की तिच्यापुढे घरात कुणी ब्र काढत नसेल, हे मला परडीतूनच कळलं. वडील औषधं आणायला खाली गेले होते.

नर्सताईंनी विचारलं, "सकाळपासून काही दिलं नाही ना हिला? पाणीसुद्धा?"

"न्हाई," आजी म्हणाली.

राजेश्रीनं पदर बोटाला गुंडाळला आणि खाली बघितलं. मला ते खटकलं. पण मी पडलो मास्क. बोलायचं कुणापुढे?

मॅडम आल्या, फरशीवर बसल्या आणि परडी रुद्राणीपुढे सरकवली. "आज डॉक्टर तू. बाहुलीला भूल द्यायची आहे. आधी काय विचारशील?"

रुद्राणीनं बाहुलीला मांडीवर निजवलं. "काई खाल्लं का गं?" तिनं नर्सताईंच्याच आवाजात विचारलं. माझी कड तिच्या मुठीत होती. मूठ घामेजली होती.

"काय म्हणते बाहुली?" मॅडमनी विचारलं.

"सांगत न्हाई."

"मग फोनवर विचार की."

रुद्राणीनं दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर आईशेजारी आजी माळ ओढत बसली होती. मग तिनं माझं भोक मॅडमच्या कानाला लावलं आणि माझ्यात तोंड खुपसून अगदी हळू बोलली, "हॅलो. बाहुली बोलायली. बाहुलीनं दही-साखर खाल्ली. आधी हातावर, मग वाटीत. आजी म्हन्ली, सांगायचं न्हाई, सांगितलं तर पुन्हा वापस जावं लागतंय."

मित्रांनो, इतकी वर्षं माझ्यातून भूल गेली, रडणं गेलं, श्वास गेले. पण एवढं मोलाचं काही माझ्यातून गेलं नव्हतं.

मॅडमच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "बाहुलीला म्हणावं, सांगितलंस ते फार चांगलं केलंस," त्या म्हणाल्या, आणि उठून आजीजवळ बाकावर जाऊन बसल्या.

"आजी, सकाळी निघताना दही दिलं होतं का?"

आजीची माळ थांबली. तिनं सुनेकडे बघितलं, सुनेनं भिंतीकडे. "कोन म्हनलं?"

"बाहुली म्हणाली."

"ते काय खानं हाय का मॅडम?" आजीचा आवाज चढला. "शकुनाचं असतंय ते. पोरगं परीक्षेला निघालं तर देतो, लेक सासरी निघाली तर देतो. अन् एवढ्या मोठ्या कामाला लेकराला तसंच धाडू? वाटी तिनंच मागितली. उपाशी लेकराला न्हाई म्हनवंना मला."

"शकुन चुकीचा नाही, आजी. पण पोटाला शकुन कळत नाही. भूल दिली की गिळायची, खोकायची शुद्ध राहत नाही. पोटातलं वर आलं तर थेट छातीत जातं. मग श्वास कोंडतो. लेकरू जिवानिशी जाऊ शकतं. म्हणून उपाशी ठेवायला सांगतो, छळायला नाही."

आजीनं माळ बाजूला ठेवली. मग तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत बसली. "म्हंजी म्या ह्याच हातानं..." त्या करारी बाईच्या डोळ्यांत पाणी बघून मलाच भडभडून आलं.

"झालं काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "वेळेवर कळलं. परत पाठवत नाही. हिचा नंबर शेवटी घेते. तोवर पुरेसे तास होतील. आता मात्र काही देऊ नका."

"लेकरू उपाशी हाय तवर म्या बी पानी घेत न्हाई," आजी म्हणाली.

"आजी, तुम्हाला कोण भूल देतंय? तुम्ही चहा घ्या."

राजेश्रीला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. "मला माहीत होतं मॅडम. म्या बघितलं होतं. पन बोलले न्हाई. अन् वरून सारखं वाटायलंय, ही झोपली अन् उठलीच न्हाई तर?"

मॅडमनी तिला उडवून लावलं नाही, की "काही होत नाही हो" असं म्हणून गप्पही केलं नाही. "ही भीती सगळ्या आयांना वाटते. भूल दिल्यापासून डोळे उघडेपर्यंत मी तिच्या उशाशी असते. तिचा श्वास, तिची नाडी मी बघत असते, दुसरं काही काम करत नाही. आणि झोप लागेपर्यंत तुम्ही आत थांबायचं."

दुपारपर्यंत आम्ही सगळे थांबलो. रुद्राणी भुकेनं कुरकुरली, तेव्हा आजीनं तिला बोरीच्या बाजारात मेंढरानं पळवलेल्या टोपीची गोष्ट सांगितली, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. शेवटी बोलावणं आलं. रुद्राणीनं मला सोडलं नाही. आत गेल्यावर मला आधी आईच्या नाकावर ठेवून म्हणाली, "भिऊ नको, चावत न्हाई." राजेश्रीनं खरोखर एक मोठा श्वास घेतला. मग नवा, आरपार दिसणारा, नळीला रबरी फुगा जोडलेला मास्क रुद्राणीच्या तोंडावर आला, आणि मी तिच्या मुठीत.

"फुगा फुगव," मॅडम म्हणाल्या.

तिनं फुगवला. आईचा हात तिच्या केसांत होता. कुणी पाय धरले नाहीत, कुणी ओरडलं नाही. तिची मूठ सैल पडली आणि मी चादरीवर घरंगळलो. इतक्या लेकरांना झोपताना बघितलं, पण इतकी शांत झोप मी क्वचितच बघितली होती.

तासाभरात ती जागी झाली. आधी थोडी रडली, मग थोडं पाणी मागितलं, मग बाहुली मागितली. आजी हात पुसत आली आणि तिच्या पायाशी उभी राहिली. "उठली माय माझी," एवढंच म्हणाली.

पंधरवड्यानंतर ती मंडळी पट्टी सोडायला आली. रुद्राणीनं अंगठा ताठ करून सगळ्या दवाखान्याला दाखवला. त्याच वेळी बाकावर सोनपेठहून आलेलं एक पोर रडत होतं आणि त्याची आजी पिशवीतून हळूच काहीतरी काढत होती. नागुबाई तिच्याजवळ जाऊन बसली. "बाई, काई देऊ नका. अन् दिलं असंल तर आत्ताच सांगा. डॉक्टर रागवत न्हाईत. म्या सांगितलं नव्हतं, माझ्या नातीनं सांगितलं, म्हनून ती आज इथं हाय." त्या बाईनं पिशवी मिटली, मग नर्सताईंना हाक मारली आणि काय दिलं होतं ते सांगितलं.

मित्रांनो, माझी कड आता आणखी चिरली आहे. मी फार दिवस राहीन असं नाही. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी दवाखान्यात जायची वेळ आली तर काय खाल्लं, काय प्यालं ते सांगा. भीती वाटत असेल तर तीही सांगा. मोठ्यांनी सांगू नको म्हटलं, तरी सांगा. मोठ्यांनाही भीती वाटते, त्यांना फक्त ती कुठं ठेवावी हे कळत नाही. तेव्हा त्यांचा हात धरा आणि म्हणा, चावत नाही.