फुकट प्रोग्रामचा हेवा

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. संगणकाने काय करायचे हे सांगणाऱ्या चारशे ओळी, एका काळ्या चौकोनी फ्लॉपीवर साठवलेल्या. सानगडीच्या शाळेला सरकारी योजनेतून संगणक मिळाला आणि १९८५ च्या दिवाळीच्या सुट्टीत भोजराज सरांनी मला लिहिले. माझे काम एकच: मुलांचे गुण घ्यायचे आणि वर्गाचा निकाल लावायचा.

माझी किंमत नव्हती. ज्याला हवा त्याने मला उतरवून न्यावे. अट एवढीच, की माझी एक चूक शोधावी आणि दुरुस्त केलेली ओळ आणून द्यावी. शनिवारी शाळा सुटली की वरठीच्या शाळेतले टेकचंद सर मोटारसायकलने येत, दिघोरीच्या शाळेतल्या शकुंतलाबाई एसटीने. दुसऱ्याच वर्षी बाई म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात सुमन मेश्राम दोन आहेत. यानं एकच धरली. दुसरी का उडून गेली?" आमच्याकडे एकेका वर्गात दहा-दहा मेश्राम असतात. बाईंनी नावापुढे गाव जोडणारी ओळ लिहिली. सगळे हसले, आणि मी थोडा शहाणा झालो.

१९८८ मध्ये नागपूरच्या एका कंपनीचा प्रोग्राम आला. रंगीत डबा, छापील पुस्तक, बिघाड झाल्यास माणूस पाठवण्याची हमी. माझ्या अंगावर शाईने लिहिलेली एक चिठ्ठी होती. मी जळलो, खोटे कशाला सांगू? त्याच कंपनीने टेकचंद सरांना पगारावर नेले, तेव्हा तर फारच जळलो. माझ्या सगळ्यात अवघड ओळी त्यांच्या होत्या. मग शकुंतलाबाईही म्हणाल्या, "डबा आला ना सर, आता आपण काहून डोकं फोडून राहिलो?" शनिवार रिकामे झाले. माझ्या चुका जागच्या जागी राहिल्या.

एप्रिल १९८९ मध्ये हेडमास्तरांनी नववीचा निकाल डब्यातल्या प्रोग्रामवर लावला. वर्गात अडतीस मुले होती, यादीत सदतीस नावे आली. दुसऱ्या दिवशी मजुरीला जाणाऱ्या पार्वताबाई शाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, माही वच्छला वर्षभर शाळेत होती का हवेत होती? यादीत नाव नाही, म्हणून तिचा बाप म्हणते, पुरे झाली शाळा."

"वच्छला मेश्राम आहे ना बाई यादीत," हेडमास्तर म्हणाले.

"थे पिंपळगावची! माही सानगडीची. मले माही पोरगी वळखता येत नाही का?"

एकच नाव दोनदा दिसले की ते चुकून पुन्हा टाइप झाले असे समजून नवा प्रोग्राम पहिले नाव पुसत होता. भोजराज सरांनी मला कपाटातून काढले आणि अडतीस जणांचे गुण पुन्हा भरले. वच्छला वर्गात दुसरी आली होती. मित्रांनो, मला आधी तिचा आनंद झाला नाही; डब्याची फजिती झाली याचा झाला. पार्वताबाई निकालाचा कागद पदरात गुंडाळून घेऊन गेल्या, तेव्हा मला त्या आनंदाची लाज वाटली.

आठवड्याने टेकचंद सर आले. त्यांनी मान खाली घालून ती गावाची ओळ मागितली. "बदल्यात मले काही देता येत नाही सर. तिकडच्या ओळी बाहेर काढायची मनाई आहे." भोजराज सरांनी ओळ दिली. नवा डबा दुरुस्त होऊन आला. ती ओळ लिहिणाऱ्या शकुंतलाबाईंचे नाव त्यात कुठेच नव्हते. शाळेने तोच ठेवला. माझा हेवा अजून गेलेला नाही.

पण जुलैतल्या एका शनिवारी शकुंतलाबाई माझी जुनी प्रत घेऊन एसटीतून उतरल्या आणि दारातूनच ओरडल्या, "सर, तुमचा हा शहाणा आजारी पोराले शून्य देऊन नापास करून राहिला! लावा त्याले, कानच पिळतो."

कोणत्याही शाबासकीने मी इतका सुखावलो नव्हतो. मित्रांनो, फुकट मिळालेली वस्तू जरूर वापरा. फक्त तिच्यात खोट दिसली, तर ती टाकून गप्प निघून जाऊ नका. तेवढे सांगायला तरी या.