टेबलाखालची अकरा मिनिटं

तपासणीवाल्या बाई, पाय आखूड होता तुमच्या टेबलाचा, आणि नापास केलीत सात वर्षांची पोर!

पोरीला घरात भिंगरी म्हणत. बाप खुर्च्या-टेबलं दुरुस्त करणारा, त्याच्या दुकानातल्या भुशात ती वाढली. बोलणं मोजकंच, तेही उसनं. कुणाचं तरी ऐकलेलं वाक्य भलत्याच वेळी फेकायची. तिचे केस कापायला तीन माणसं लागत. दोघं धरायला आणि एक शेजाऱ्यांची माफी मागायला. बाह्या चावून चावून तिनं प्रत्येक फ्रॉकला झालर लावली होती. बापाचंही डोकं फिरायचं. ओरडायचा, मग स्वतःवरच चिडून तासभर रंधा मारत बसायचा.

शाळेनं सांगितलं होतं, तपासणी केंद्रातून ‘वर्गात बसण्यास योग्य’ असा शेरा आणा, नाहीतर पुढच्या वर्षापासून पोर घरी ठेवा.

निघताना आईनं बजावलं, “अहो, तिथं जाऊन खुर्च्या उलट्या करून बघू नका.”

“मी कुठं बघतो?”

“माझ्या भावाच्या लग्नात एक खुर्ची बघितलीत. नवरा मुलगा बसलेला होता तिच्यावर.”

“बसलेला होता,” भिंगरी म्हणाली.

“बघा. साक्षीदार आहे.”

केंद्रात बाईंनी आधीच दम भरला, “पालकांनी मध्ये बोलायचं नाही.” बाप भिंतीला टेकून बसला. बाईंनी सहा ठोकळे पुढे ठेवले, घड्याळ लावलं. “मनोरा कर, बाळा.”

पोरीनं रचला. बाईंनी लिहायला कोपर टेकलं, टेबल टक्कन कललं, मनोरा आडवा. बाईंनी ते लिहून घेतलं. पोरीनं पुन्हा रचला. पुन्हा कोपर, पुन्हा टक्. पोरीनं कान दाबून धरले. डावीकडचा मागचा पाय आखूड आहे, हे बापाला दारातूनच दिसलं होतं. पण जिभेला कुलूप.

भिंगरी खुर्चीवरून घसरली आणि टेबलाखाली गेली.

“वर ये बघू. खाली काय आहे तुझं?”

खालून एक हात वर आला आणि प्रश्नांचा कागद घेऊन गेला. एक घडी. दुसरी. तिसरी. मग एक उलगडली. जाड झाली असणार. बापाला घाम फुटला, आणि हसूही. बऱ्याच वेळानं पोर बाहेर आली, टेबलाचा पाय दोनदा थोपटला आणि बाप रोज गिऱ्हाइकाला म्हणतो तेच बाईंना म्हणाली, “झालं. बसा आता बिनधास्त.”

स्वतःही बसली. सहाच्या सहा ठोकळे रचले. बाईंचं कोपर टेबलावरच होतं, मनोरा हलला नाही. पण घड्याळाची वेळ संपली होती.

शेरा घरी आला. आईनं मोठ्यानं वाचला: “सूचना पाळत नाही. साहित्याची नासधूस. अकरा मिनिटे टेबलाखाली. वर्गात बसण्यास अयोग्य.” तिला हसू आलं. “अहो, हे तिच्याबद्दल आहे की तुमच्याबद्दल?” मग हसू मध्येच अडकलं. “आता हिला घेणार कोण?”

तपासणीनंतर आठवड्यानं बाप तक्रार द्यायला केंद्रात गेला. खोलीचं दार उघडं होतं. तेच टेबल, समोर दुसरंच पोर, बाई कोपर टेकून लिहीत होत्या. मनोरा ताठ उभा. आणि मागच्या पायाखाली तीच घडी.

तक्रारीच्या छापील कागदावर लिहायला तीनच ओळी होत्या. त्यानं समासातही लिहिलं:

“बाई, नासलेला कागद आठ दिवस पायाखाली ठेवून तुम्ही बाकीच्यांची पोरं तपासताय. माझ्या पोरीनं अकरा मिनिटं जे काम केलं, ते लिहायला तुमच्याकडे रकाना नाही का? बाहेरच्या बाकावर बसलोय. तोही डुगडुगतोय, पण मी हात लावलेला नाही. तो कागद तुम्ही अजून का काढला नाहीत? उत्तर द्या.”