पाण्याकडची बाजू

"डावीकडं, आजी, डावीकडं!"

आकांक्षा मागून ओरडली आणि धुरपताबाई डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यासकट नेमकी उलटीकडे, गाड्यांच्या अंगाला सरकली. सायकलचे हँडल भाऱ्यातून खाली लोंबणाऱ्या गवतात अडकले. सोयाबीन भरलेला एक ट्रक भोंगा वाजवत अगदी हातभर अंतरावरून गेला. आकांक्षा उतरली की पडली ते तिचे तिलाच कळले नाही. तिच्या दप्तरातला डबा मात्र फूटपाथवर वाजत गडगडत गेला.

"डावीकडं म्हनलं ना मी, आजी."

"डावं तुझं का माझं?"

"दोघींचं एकच असतंय की."

"माझे दोनी हात वर हायेत, माय. कोनता डावा अन् कोनता उजवा, भारा उतरवून बघू का आता?"

मागून जळबा हातात सायकल धरून चालत येत होता. त्याने सायकल कठड्याला टेकवली, डबा उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि आकांक्षाच्या हातात दिला.

"पानी म्हनत जा, पोरी. डावं-उजवं न्हाई. पानी म्हनलं की मानूस पान्याकडं सरकतं. कुनी चुकत न्हाई."

आकांक्षा दहावीत होती. तिला हसू आले, पण म्हातारा हसत नव्हता म्हणून तिने ते आवरले. सायकलवर बसता बसता म्हणाली, "आजोबा, सायकल असून पुलावर रोज पायी काहून चालता तुमी?"

"चेन उतरती."

"वर्ष झालं उतरून राहिली तुमची चेन," ती म्हणाली आणि निघाली. शनिवार होता, सकाळची शाळा.

पूर्णेवरच्या या पुलाला फूटपाथ एकाच अंगाला आहे. रुंदी चार हात. एका बाजूला लोखंडी कठडा आणि खाली नदी, दुसऱ्या बाजूला वीतभर उंचीचे कडेचे दगड आणि त्यांच्या पलीकडे भरधाव गाड्या. गाव अलीकडच्या काठाला. शाळा, दवाखाना, बाजार आणि धुरपताबाईचा तांडा पलीकडच्या. जाणारा-येणारा, पायी चालणारा, सायकलवाला, सगळे त्याच चार हातांत.

जळबाची उमर कालव्यावर गेली. सिद्धेश्वर धरणाचे पाणी शेतोशेती सोडणारा तो पाटकरी. कालव्यावरच्या माणसाला डावे-उजवे लागत नाही. त्याला पाण्याचे अंग, बांधाचे अंग, वरचे अंग, खालचे अंग, एवढे पुरते. त्याची बायको पद्माबाई पलीकडच्या काठाला शेतात तण निंदायला जायची. ती पायी पुढे, तो सायकलवर मागून. जवळ आला की हाक द्यायचा, "पानी, पानी." ती मागे न बघता कठड्याकडे सरकायची, तो गाड्यांच्या अंगाने पुढे निघायचा. वीस-बावीस वर्षे हे असेच चालले. घंटीची गरज पडली नाही.

पुलाच्या पलीकडच्या तोंडाला आज एक पेंटर खांबाशी बसला होता. फलक नवा होता, पिवळ्यावर काळी अक्षरे. जळबा थांबला आणि बोट हवेत फिरवत वाचू लागला.

"पा-द-चा-री व... सा-य-क-ल-स्वार..."

"लवकर वाचा काका, वाळून जाईल," पेंटर म्हणाला. त्याचे नाव सुदाम. सेनगावकडचा होता.

"...यां-नी आप-ल्या डा-व्या बा-जू-ने जावे." जळबाचे बोट खाली आले. "हे बदला."

"काय बदला?"

"डाव्या बाजूने. जाताना पानी डाव्या अंगाला असतंय. येताना त्याच फूटपाथवर डाव्या अंगाला गाड्या येतात. डावं पलटी खातंय. पानी पलटी खात न्हाई. पायी चालनारानं पान्याकडून जावं, सायकलनं गाडीकडून, असं लिहा."

सुदामने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "डोकं चालतंय तुमचं. पर मजकूर मंजूर होऊन आलाय. एक काना बदलला तरी फोटो बघून परत पुसाया लावतेत."

"मंग त्यायला सांगा."

"मी कोन सांगनारा? अन् तुमाला एवढी कायची तकलीफ? तुमचं कुनी पडलं का हितं?"

"न्हाई," जळबा म्हणाला. फार लवकर म्हणाला.

गावाला ठाऊक होते ते एवढेच, की मागच्या वर्षी पुलावर पद्माबाईचा पाय घसरला, खुबा मोडला, दोन महिने पडून राहिली आणि गेली. मुलगा प्रज्ञेश चाकणला कंपनीत आहे. त्यालाही तेवढेच ठाऊक.

त्याआधीच्या हिवाळ्यात शाळेत प्रौढांचा वर्ग सुरू झाला होता. जळबा गेला. पद्माबाई गेली नाही. "मला काय आता कलेक्टर व्हायचंय," म्हणाली. पण तो घरी येऊन काय शिकला ते सांगायचा तेव्हा चुलीपुढे बसून ऐकायची. पुस्तकात एक पान डाव्या-उजव्याचे होते. रस्त्यावर डावीकडून चालावे, असे चित्राखाली लिहिलेले. साठी उलटल्यावर हे समजले याचा जळबाला केवढा आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी पुलावरून जाताना त्याने सायकलवरून उतरून तिला शिकवले.

"हा तुझा डावा हात. पान्याकडचा. मी डावीकडं म्हनलो की हिकडं व्हायचं."

"मंग पानीच म्हना की. डावं कायला?"

"शिकल्यालं मानूस डावं म्हनतंय."

ती हसली होती. तरी शिकली. जाताना दोन-तीन दिवस तो मुद्दाम "डावीकडं" म्हणाला आणि ती बरोबर पाण्याकडे सरकली. येताना ती बायकांच्या घोळक्यात असायची, तो मागे राहायचा. त्यामुळे येताना 'डावीकडं' म्हणायची वेळच आली नव्हती.

मग एका संध्याकाळी येताना ती एकटी पुढे होती. उतार होता, सायकलला वेग होता. जळबाने पुस्तकातले आठवले. डावीकडे म्हणजे आता गाड्यांचे अंग, आपण कठड्याच्या अंगाने पुढे जायचे. तो मोठ्याने म्हणाला, "डावीकडं!" आणि पद्माबाई, तिला शिकवले होते तशी, झटकन पाण्याकडे सरकली.

त्याच्या अगदी पुढ्यात.

सुदामने फलकावरच्या शेवटच्या अक्षरावर पुन्हा एकदा ब्रश फिरवला, मागे सरून पाहिले, फोनवर फोटो काढला आणि सामान आवरायला घेतले. म्हातारा अजून तिथेच उभा होता. कठड्याची दांडी दोन्ही हातांनी धरून.

"काका," सुदाम म्हणाला. "डब्यात थोडा पिवळा उरलाय. फलकाचा फोटो मागितलाय त्यांनी. खालच्या जमिनीचा कुनी मागितला न्हाई."

जळबाने त्याच्याकडे पाहिले.

"लिहिता येतंय ना?"

"जमतंय जरा."

तो उकिडवा बसला. वहीत दोन रेघांच्या मधे लिहायची सवय, इथे रेघा नव्हत्या. आधी कडेच्या दगडांजवळ त्याने 'गाडी' लिहिले. डीची वेलांटी लांब गेली, पार दगडाला लागली. मग सरकत सरकत कठड्याखाली आला आणि 'पा' काढला. तिथे हात थांबला. वर्गातल्या सरिता मॅडमनी या शब्दावर तांबडी खूण केली होती. पानी नाही, आजोबा, पाणी. त्याला 'ण' आणि 'न' दोन्ही यायचे, बाणातला आणि नळातला. बाणातला तर त्याने शंभरदा गिरवला होता.

त्याने नळातला काढला.

"चुकलं काका," सुदाम वरून म्हणाला. "बाणातला पायजे."

"व्हय. असू द्या."

सुदामने खांदे उडवले, ब्रश रंगात बुडवून परत त्याच्या हातात दिला, आणि येताना वाचता यावे म्हणून उलट्या तोंडानेही तेच दोन शब्द लिहायला लावले. मग मोटारसायकलला डबे अडकवून तो निघून गेला.

पुलाच्या तोंडाशी भारा उतरवून धुरपताबाई केव्हाची दम खात बसली होती. मघाच्या धडकेत दुखावलेली मान दाबत तिने विचारले, "काय लिहिलं जळबादादा?"

"हितं पानी. तितं गाडी."

"मला कुठं वाचता येतंय."

"तुमी वाचायचं न्हाई. पोरी वाचतीन अन् हाक देतीन. आपुन नुसतं सरकायचं."

धुरपताबाई त्या पिवळ्या अक्षरांकडे बघत राहिली. पद्माबाई आणि ती एकाच शेतात निंदायला जायच्या. एका ओळीत, शेजारी शेजारी.

"पद्माबाईच्या टायमाला असं असतं," ती म्हणाली, "तर तिला नीट चालता आलं असतं. पाय घसरला नसता."

जळबा हाताला लागलेला रंग पुसत होता. रंग निघेना. त्याने गवताची काडी घेतली आणि नखांतला खरवडू लागला.

"पाय न्हाई घसरला तिचा," तो म्हणाला. "माझीच सायकल व्हती."

पुलावरून एसटी गेली. पूल हलला आणि थांबला.

"मी डावीकडं म्हनलो. ती बराबर सरकली. म्या शिकवलं तसंच सरकली."

धुरपताबाईने मानेवरचा हात काढला. मग म्हणाली, "तिला ठाव व्हतं?"

"तिनंच सांगितलं समद्याला. पडल्या जाग्यावरून. लोक गोळा झाले, मी तोंड उघडायच्या आधी म्हनली, पाय घसरला माझा. पोराला फोनवर तेच. दवाखान्यात डाक्टरला तेच. मला बोलूच दिलं न्हाई."

"अन् एकटे असताना?"

"एकटं असताना म्हनली, आता तरी पानी म्हनत जा."

धुरपताबाईने पदराने तोंड पुसले. उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि भाऱ्याकडे बघितले. जळबाने भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. दोन्ही हात वर धरून ती क्षणभर उभी राहिली.

"पोराला सांगा," ती म्हणाली. "मी कुनाला सांगायची न्हाई. पर तुमी पोराला सांगा."

ती तांड्याच्या वाटेला लागली. जळबाने खिशातला फोन काढला, प्रज्ञेशच्या नावावरून बोट फिरवले. ते नाव त्याला आता नुसत्या नजरेने वाचता येत होते. शनिवारी त्याची पहिली पाळी असते. तीनला सुटतो. जळबाने फोन परत खिशात ठेवला, ऊन चढून अक्षरे पुरती वाळेपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहिला, मग सायकलचे हँडल धरले आणि गावाकडे चालू लागला.

अर्धा पूल ओलांडला असेल तोवर मागे सायकलींचा गलका आला. शाळा सुटली होती. ब्रेकचा करकर आवाज झाला, कुणीतरी काहीतरी वाचले, कुणीतरी हसले. "बाणातला न्हाई काढला," असे एक पोरगी म्हणाली. मग आकांक्षाचा आवाज आला, मोकळा, मोठा.

"पानी, आजोबा! पानी!"

ही हाक त्याने वीस-बावीस वर्षे दिली होती. ऐकली कधीच नव्हती.

तो मागे न बघता पाण्याकडे सरकला. मुली एकामागे एक गाड्यांच्या अंगाने पुढे निघून गेल्या. कुणाचा धक्का लागला नाही. शेवटची सायकल उतारावरून दिसेनाशी झाली तेव्हाही जळबा त्याच रेषेत, हातात सायकल धरून चालत होता. त्याच्या आणि कठड्याच्या मधे एक बाई चालू शकेल एवढी जागा त्याने सोडलेली होती.